लेझरने केस कायमचे जातात का?

"कायमचे जातात ना, डॉक्टर?"

लेझरबद्दल विचारायला येणारी जवळपास प्रत्येक व्यक्ती मला हे विचारते, बहुतेक वेळा पैशांच्याही आधी. माझं उत्तर ठरलेलं आहे. केस खूप कमी होतात, जे उरतात ते बारीक होतात, हळू वाढतात. सगळे आणि कायमचे जातील असं मी म्हणत नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांना 'परमनंट हेअर रिडक्शन' असे शब्द वापरायची मुभा दिली आहे. त्याचा अर्थ असा की सिटिंगचा पूर्ण क्रम संपल्यावर परत उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहते. रिडक्शन म्हणजे घट. पण जाहिरातीच्या बोर्डावर येईपर्यंत 'रिडक्शन' गळून पडतं आणि 'परमनंट' तेवढं मोठ्या अक्षरात उरतं. माझ्याकडे निराश होऊन येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींचं यंत्राने काहीच बिघडवलेलं नसतं. त्यांना सांगितलं वेगळं गेलेलं असतं आणि मिळालेलं वेगळं असतं. म्हणून हा लेख जरा लांबणार आहे.

माझा दवाखाना वागळे इस्टेटमध्ये आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी ही एक. आता कारखान्यांच्या मधोमध काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. रात्रपाळी संपवून सकाळी डोळे चोळत थेट दवाखान्यात येणाऱ्या मुली, किसननगर आणि लोकमान्यनगरातल्या गृहिणी, रोड नंबर १६ च्या पासपोर्ट ऑफिसात काम आटोपून "आलोच आहोत तर विचारून घेऊ" म्हणणारी मंडळी, असे सगळे येतात. अलीकडे पुरुषही येतात. कानावरचे केस, गालावर फार वर चढलेली दाढी, मानेवर दाढीचे केस आत वळून होणाऱ्या पुळ्या. ते मात्र दबक्या आवाजात विचारतात, जणू काही चोरीचा माल विकायला आलेत.

लेझर नेमकं करतो काय?

भर दुपारी तीन हात नाक्याच्या सिग्नलला काळा शर्ट घालून उभे राहा आणि मग पांढरा घालून उभे राहा. फरक कळेल. काळा रंग प्रकाश शोषतो आणि तापतो. केसात मेलॅनिन नावाचं काळं रंगद्रव्य असतं. लेझरचा प्रकाश त्वचेतून आत जातो, केसातलं मेलॅनिन तो शोषून घेतं, त्याची उष्णता होते आणि ती मुळाशी असलेल्या, केस तयार करणाऱ्या पेशींना जाळते. हे सगळं सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकतं. आजूबाजूची त्वचा तापायच्या आत प्रकाश बंद झालेला असतो. योग्य रंगाचा प्रकाश, योग्य तेवढाच वेळ दिला तर नेमकं हवं तेच लक्ष्य तापवता येतं, हे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या बोस्टनच्या दोन डॉक्टरांनी १९८३ साली मांडलं. आजचं लेझरचं जवळजवळ सगळं त्वचाशास्त्र त्यावर उभं आहे.

आता अडचण. मेलॅनिन फक्त केसात नसतं, त्वचेतही असतं. तुम्हाला मुलुंड चेकनाक्यावरची जकात आठवत असेल. मुंबईत माल न्यायचा तर आधी नाक्यावर थांबून काहीतरी मोजावं लागायचं. आपली सावळी त्वचा ही तशी जकात घेते. केसापर्यंत पोहोचण्याआधीच प्रकाशाची काही शक्ती वरच्या थरात अडकते आणि तिथेच उष्णता सोडते. गोऱ्या त्वचेत ही जकात नाममात्र असते, आपल्याकडे भरपूर. त्वचारोगतज्ज्ञ त्वचेचे सहा प्रकार मानतात, थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी घालून दिलेल्या पद्धतीने. आपण भारतीय बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतो.

केसांसाठी सुरुवातीला वापरला गेलेला रूबी लेझर, ६९४ नॅनोमीटरचा, मेलॅनिन फार जोरात शोषतं. गोऱ्या कातडीवरच्या काळ्या केसांना तो उत्तम, आपल्याला धोक्याचा. मग ७५५ चा अलेक्झांड्राइट आला, ८१० च्या आसपासचा डायोड आला आणि १०६४ चा एनडी-याग आला. आकडा जितका मोठा तितका प्रकाश खोल जातो आणि वाटेतली जकात कमी द्यावी लागते. त्यामुळे सावळ्या त्वचेसाठी डायोड आणि एनडी-याग यांवर भर असतो, आणि बऱ्यापैकी काळ्या त्वचेसाठी एनडी-याग सर्वांत सुरक्षित मानला जातो. एनडी-यागचा तोटाही सांगते. मेलॅनिन त्याला कमी शोषतं, म्हणजे केसही कमी शोषतो. बारीक केसांवर तो फिका पडतो आणि थोडा जास्त दुखतो.

हे आकडे पाठ करायचे नाहीत. पण जिथे जाल तिथे "तुमचा लेझर कोणता?" एवढं विचारा. "एकदम लेटेस्ट आहे, इम्पोर्टेड आहे" हे त्याचं उत्तर नव्हे.

एका सिटिंगमध्ये का होत नाही?

कारण सगळे केस एकाच वेळी घरी नसतात. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग मुळापासून सुटतो, मग विश्रांती घेतो आणि पुन्हा नव्याने उगवतो. लेझर फक्त वाढीच्या टप्प्यातल्या केसाला नीट पकडतो, कारण तेव्हाच तो मुळाशी घट्ट जोडलेला आणि रंगाने भरलेला असतो. पायावर एका वेळी जेमतेम पाचव्या हिश्श्याचे केस या टप्प्यात असतात, काखेत साधारण तिसऱ्या हिश्श्याचे. म्हणून काख, पाय यांना सहा ते आठ सिटिंग लागतात, दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. चेहऱ्याचं चक्र लवकर फिरतं, तिथे चार ते सहा आठवड्यांनी बोलावतो, पण सिटिंग जास्त लागतात. त्यानंतरही वर्षातून एकदा-दोनदा यावं लागू शकतं. "महिन्यात तीन सिटिंग, एकावर एक फ्री" अशा ऑफरमध्ये फुकट मिळालेली सिटिंग बहुतेकदा विश्रांती घेणाऱ्या केसांवर वाया जाते.

हनुवटीवरचे केस ही वेगळी गोष्ट आहे

काख आणि पाय यांचा विषय सोपा असतो. हनुवटी, जबड्याची कड, गळा, छातीचा मध्य, बेंबीखालची रेघ, इथे राठ काळे केस आले की मी यंत्राकडे वळत नाही, आधी खुर्ची पुढे ओढते.

एक मुलगी आली होती, आईबरोबर. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. वय पंचविशीचं, रात्रपाळीची नोकरी. तोंडावर मास्क. कोविड संपून बराच काळ लोटला होता. मी आधी सर्दी असेल असं धरून चालले. आईनेच सुरुवात केली.

"डॉक्टर, पुढच्या महिन्याच्या बावीसला साखरपुडा आहे. तेवढ्यात होऊन जाईल ना?"

"काकू, होणार नाही," मी म्हटलं. "पण आधी मला हिच्याशी बोलू दे."

दार लावल्यावर तिने मास्क काढला. हनुवटीवर आणि जबड्याखाली राठ केस होते, पण त्याहून जास्त डाग होते. ती रोज दोनदा चिमट्याने केस उपटत होती, एकदा घरी आणि एकदा ऑफिसच्या वॉशरूममध्ये, शिफ्टच्या मधल्या ब्रेकमध्ये. उपटून उपटून त्वचा काळवंडली होती, काही केस आत वळून गाठी झाल्या होत्या. मास्कची सक्ती झाली तेव्हा सगळे कंटाळले आणि मला सुटल्यासारखं वाटलं, असं ती म्हणाली. सक्ती उठली, तिने मास्क काढलाच नाही. डबाही ती एकटी खायची.

पाळी विचारली. दोन-दोन, कधी तीन महिन्यांनी येत होती. "रात्रपाळीमुळे असेल" असं सगळ्यांनी सांगितलं होतं. १९६१ साली फेरीमन आणि गॅलवे या दोन इंग्लिश डॉक्टरांनी अशा केसांना गुण द्यायची पद्धत काढली. आज आम्ही शरीराच्या नऊ जागा बघतो, प्रत्येक जागेला शून्य ते चार. तिची बेरीज सांगत होती की हे फक्त 'घराण्यात आहे' असं नाही. तपासण्या करून घेतल्या. पीसीओएस निघालं. हे फार सर्रास आढळतं, साधारण दहा बायकांत एकीला. यात पुरुषी हार्मोनचा जोर वाढतो आणि ते हार्मोन चेहऱ्यावरच्या मऊ लवीचे राठ केस करत राहतात. अशा वेळी नुसता लेझर मारणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे. फरशी पुसायला हवीच, पण आधी नळाकडे बघायला हवं. गोळ्या, वजन, झोप, शुगर, हे सगळं त्यात येतं आणि त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा हार्मोनच्या डॉक्टरांची मदत लागते. गोळ्यांचा केसांवर परिणाम दिसायला सहा महिने सहज जातात, कारण इथेही तेच केसांचं चक्र आडवं येतं.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. काही महिन्यांतच झपाट्याने केस वाढले, आवाज घोगरा झाला, पाळी अचानक बंद झाली, डोक्यावरचे केस पुरुषांसारखे समोरून विरळ होऊ लागले, तर लेझरवाल्याकडे नाही, ताबडतोब डॉक्टरकडे जा. क्वचित प्रसंगी बीजांडाची किंवा मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीची गाठ याच्या मागे असते.

त्या मुलीच्या पर्समध्ये आणखी एक वस्तू निघाली. एक ट्यूब. डाग जावेत, उजळ दिसावं म्हणून शेजारणीने सांगितलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, दोन वर्षं रोज रात्री लावलेली. त्यात स्टिरॉइड होतं. अशी क्रीमं सुरुवातीला जादू करतात. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, पुळ्या येतात, आणि चेहऱ्यावर केस वाढतात. म्हणजे केसांचे डाग घालवायला लावलेलं क्रीम केसच वाढवत होतं. २०१८ साली सरकारने अशी स्टिरॉइडची अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ट्यूब मिळते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तुमच्याकडे असं क्रीम असेल तर ते एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो. ट्यूब घेऊन या, ती टप्प्याटप्प्याने सोडवता येते. पण अशा पातळ झालेल्या त्वचेवर लेझर मारायचा नाही. आधी त्वचा ताळ्यावर आणायची.

साखरपुड्यापर्यंत तिचं लेझरचं एकही सिटिंग झालं नाही. मी तिला चिमटा बंद करायला लावला आणि रेझर दिला. आई जरा नाराज झाली. लेझर सुरू झाला तो चार महिन्यांनी. वर्षभरानंतर ती दोन आठवड्यांतून एकदा हनुवटीवर रेझर फिरवते आणि गोळ्या चालू आहेत. मास्क अजून पर्समध्ये असतो, म्हणाली. लोकलमध्ये गर्दी असली की लावते.

रेझर म्हटल्यावर चेहरे पडतात

"बाईने दाढी करायची?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरचीने तोंड उघडायच्या आधीच उत्तर देते. वस्तरा फिरवला की केस राठ होतात, दाट होतात, असा आपल्याकडे पक्का समज आहे. वस्तरा केस त्वचेच्या पातळीवर कापतो, मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट. बोट फिरवलं की ते टोचतं, म्हणून जाड झाल्यासारखं वाटतं. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधिकेने १९२८ सालीच दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून हे दाखवलं होतं. जवळपास शंभर वर्षं झाली, समज अजून तसाच आहे.

लेझरच्या आदल्या दिवशी त्या भागावर रेझर फिरवावाच लागतो. केस बाहेर उभे राहिले तर प्रकाश तिथेच शोषला जातो, केस वरच्या वर जळतो आणि त्वचेला चटका बसतो. आणि त्याआधी किमान चार आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग, कटोरी वॅक्स, चिमटा, एपिलेटर, सगळं बंद. मुळासकट उपटलेला केस लेझरला सापडत नाही. पत्ता बरोबर, पण घराला कुलूप. ब्लीचही नको, ते केसातला रंगच काढून घेतं.

या चार आठवड्यांत रेझर चालतो, कितीही वेळा. हे सांगितलं की हनुवटीवर केस असणाऱ्या मुलींचा जीव भांड्यात पडतो. महिनाभर केस वाढवून फिरायचं या भीतीने कित्येक जणी पहिल्या भेटीनंतर परत येत नाहीत.

येण्याआधी डॉक्टरला काही गोष्टी सांगायच्या असतात आणि त्या लोक विसरतात. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर आम्ही बाळंतपणानंतर बघतो. कुठलं अँटिबायोटिक चालू असेल, विशेषतः डॉक्सीसायक्लिन, तर सांगा, त्याने त्वचा उन्हाला हळवी होते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर तेही. पूर्वी ते बंद केल्यावर सहा महिने लेझर टाळायचो. २०१७ साली तज्ज्ञांनी पुरावे पुन्हा तपासले आणि केसांच्या लेझरसाठी इतकं थांबायची गरज नाही असं मत दिलं, पण निर्णय तुमची त्वचा बघूनच. ओठावर वारंवार नागीणसारखे फोड येत असतील, जखमेचे वण जाड होऊन वाढत असतील, कोड किंवा सोरायसिस असेल, तर आधी बोला. टॅटूवरून लेझर कधीही फिरवायचा नाही, शाई केसापेक्षा जास्त तापते. तीळ आम्ही झाकतो.

आणि ऊन. अलिबागहून, गणपतीपुळ्याहून परतल्यावर लगेच येऊ नका. रापलेल्या त्वचेत मेलॅनिन वाढलेलं असतं, म्हणजे जकातही वाढलेली. दोन ते चार आठवडे जाऊ द्या, सनस्क्रीन लावा. रात्रपाळीवाल्या मुली दिवसा झोपतात म्हणून त्यांची त्वचा कमी रापलेली असते. रात्रपाळीचा हा एवढाच फायदा मला आजवर सापडला आहे.

त्या दिवशी

पहिल्यांदा आम्ही छोट्याशा जागेवर चाचणी घेतो. सावळ्या त्वचेवर चाचणीशिवाय थेट सुरुवात करणाऱ्यांकडे थांबू नका. मग तुम्हाला चष्मा किंवा डोळ्यांवर झाकण मिळतं, आम्हीही चष्मे घालतो. ही शोभा नाही. या प्रकाशाने डोळ्याला कायमची इजा झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. म्हणूनच भुवयांखाली, पापणीच्या जवळ लेझर करत नाहीत. कुणी करतो म्हणालं तर उठून या.

थंड जेल लावतात किंवा यंत्राचं टोकच गार असतं. मनगटावर रबरबँड ताणून सोडल्यासारखं टचकन लागतं. वरच्या ओठावर डोळ्यांत पाणी येतं, काखेत सहन होतं, पोटऱ्यांवर बायका गप्पा मारतात. जळक्या केसांचा वास येतो, तो घाबरण्यासारखा नाही. काखा दहा मिनिटांत होतात, दोन्ही पायांना तासभर लागतो. फार दुखलं तर सांगा. सहन करून दाखवायची ही जागा नाही, कारण अति दुखणं हा आम्हाला मिळणारा इशारा असतो.

दुखू नये म्हणून घरूनच बधिर करणारं क्रीम दोन्ही पायांवर थापून, वर प्लास्टिक गुंडाळून येऊ नका. हे मी जोर देऊन सांगते. अमेरिकेत दोन तरुणींनी लेझरच्या आधी असंच केलं. औषध त्वचेतून रक्तात उतरलं, त्यांना झटके आले, त्या कोमात गेल्या आणि दगावल्या. २००७ साली एफडीएने यावर जाहीर इशारा दिला. ओठासारख्या छोट्या जागेवर डॉक्टरने मोजून लावलेलं क्रीम वेगळं आणि हे वेगळं.

"गर्भाशयाला काही होणार नाही ना? कॅन्सर?" हाही नेहमीचा प्रश्न, बहुधा सासूने पाठवलेला. हा प्रकाश आहे, क्ष-किरण नव्हेत. तो त्वचेत काही मिलिमीटर जातो आणि संपतो. पोटातल्या अवयवांपर्यंत पोहोचत नाही.

नंतरचे पंधरा दिवस

प्रत्येक केसाभोवती लालसर, बारीक फुगवटा येतो. आम्हाला तो हवाच असतो, उष्णता मुळाशी पोहोचल्याची ती खूण आहे. काही तासांत, फार तर दोन दिवसांत तो बसतो. कापडात गुंडाळलेलं आइसपॅक लावा. एक-दोन दिवस गरम पाण्याने आंघोळ, जिम, पोहणं, घट्ट लेगिंग्ज नको. काखेत डिओ दोन दिवस नको, आणि उन्हाळ्यात सकाळी साडेआठच्या लोकलने जाणाऱ्यांना हे सांगताना मला सहप्रवाशांचीही कीव येते. सनस्क्रीन चेहऱ्याला रोज, ढगाळ दिवशीसुद्धा. आठवडाभर फेशियल, ब्लीच, स्क्रब काही नको.

मग साधारण दहाव्या दिवशी फोन येतो. "डॉक्टर, केस तर वाढतायत!" वाढत नसतात. जळलेले केस त्वचेतून बाहेर ढकलले जात असतात, म्हणून खुंट वर आल्यासारखे दिसतात. आंघोळीच्या वेळी हलक्या हाताने चोळलं की निघून येतात. चिमटा हातात घ्यायचा नाही. तीन आठवड्यांत भाग स्वच्छ होतो, आणि पुढे विश्रांतीतले केस जागे झाले की पुन्हा उगवण दिसते, पहिल्यापेक्षा विरळ.

फोड आला, त्वचा राखाडी पडली किंवा जळजळ दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर ते नेहमीचं नाही. नळाच्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट नको, हळद नको, थेट बर्फ नको. फोटो काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. एक बाई दुसरीकडून करून माझ्याकडे आल्या होत्या. दोन्ही नडग्यांवर चौकोनी, शिडीच्या पायऱ्यांसारखे काळे पट्टे, यंत्राच्या टोकाच्या मापाचे. आठवड्यापूर्वी त्या समुद्रावर जाऊन आल्या होत्या आणि कुणी विचारलंच नव्हतं. "होतं असं, जाईल आपोआप" एवढंच त्यांना सांगण्यात आलं. पट्टे गेले, पण कित्येक महिने घेऊन. तोवर त्यांनी आवडते गुडघ्यापर्यंतचे कुर्ते कपाटात ठेवले होते. म्हणून यंत्र कुणाच्या हातात आहे आणि त्या इमारतीत डॉक्टर हजर आहे का, हे दोन्ही विचारा. विचारताना संकोच वाटत असेल तर माझं नाव घेऊन माझ्यावर ढकला.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते. क्वचित लेझरने केस कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. जबड्याच्या कडेला, मानेवर, जिथे मऊ लव होती तिथे काळे केस येतात. आपल्यासारख्या वर्णाच्या आणि पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसलं आहे. म्हणून गालावरच्या नुसत्या लवीसाठी कुणी आलं तर मी नाही म्हणते. ती पैसे घेऊन दुसरीकडे जाते, हेही मला माहीत आहे.

मग कधी सुरू करायचं?

लग्नाची तारीख ठरल्यावर नाही. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि दिवाळी संपता संपता माझ्या दवाखान्यात रांग लागते. तेव्हा उशीर झालेला असतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत साधारण चार महिने मिळतात. मुहूर्त नसतात, आभाळ भरलेलं असतं, ऊन कमी असतं, अंगभर कपडे घातले तरी कुणी विचारत नाही. चेहऱ्याची तीन-चार सिटिंग एवढ्यात बसतात. ज्यांना मार्गशीर्षात हळद लावून घ्यायची आहे त्यांनी पावसाची पहिली सर आली की यावं. शेवटचं सिटिंग हळदीच्या किमान दोन आठवडे आधी संपवायचं.

राहता राहिल्या माझ्या साठीतल्या मैत्रिणी, ज्या सुनेला घेऊन येतात आणि जाताना हळूच हनुवटी पुढे करतात. "माझे हे चार बघ ना." ते चार पांढरे असतात. लेझर पांढरा केस बघूच शकत नाही, त्यात शोषायला काही नसतं. त्यांच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस आहे. बारीक सुई केसाच्या मुळाशी घालून वीज सोडायची, एकेका केसाला. चार्ल्स मिशेल नावाच्या अमेरिकेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरने १८७५ साली आत वळलेल्या पापण्यांसाठी ही युक्ती वापरली होती, आणि केसाचा रंग कुठलाही असो, ती आजही चालते. वेळखाऊ आहे, करणारे कमी आहेत. चारच केस असतील तर मी त्यांना चांगल्या धारेचा चिमटा आणि खिडकीजवळचा आरसा सुचवते.